रक्ताचा कौल

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे बिऱ्हाड आहे. घराणे मूळचे फोंडा तालुक्यातले. आजोबा गायकवाडी अमदानीत नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. तथापि चवथीला मूळ घरी यायचे हा नेम तिसऱ्या पिढीपर्यंत मोडलेला नाही. स्नेही निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे, विडी-सिगारेटला उभ्या आयुष्यात न शिवलेले. गेल्या हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. प्रथम तो हवाबदलाचा ठरला, मग क्षयाचा. क्षयाच्या गोळ्या चार महिने घेऊनही वजन उतरतच राहिले, तेव्हा फुप्फुसातील तुकडा काढून तपासला गेला आणि कर्करोग निघाला. तोही दुसऱ्या फुप्फुसात पोचलेला. उन्हाळ्याच्या अखेरीस आम्ही भेटीस गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने आम्हांला ओसरीवरच थांबविले, हातातील फाइल उघडली आणि रक्ताच्या अहवालातील एका आकड्यावर बोट ठेवले. आकड्यापुढे वर तोंड केलेला लाल बाण होता. "काका, हा आकडा पाचाच्या वर गेला तर वाईट, असे मी वाचले आहे. बाबांचा नऊ आहे. म्हणजे किती महिने?" आतल्या खोलीत रेडिओ चालू होता. बाबांना यातले काही सांगितलेले नाही, तुम्हीही बोलू नका, अशी त्याने आम्हांला विनवणी केली.

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही, म्हणून त्याची चर्चा या स्तंभात करणे आम्हांस अगत्याचे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ८० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी सुमारे ७५ हजार माणसे या रोगाने दगावली. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके निकट असावेत यातच या रोगाची सारी कहाणी आली. तो उशिरा सापडतो, आणि सापडल्यावर फार सवड देत नाही. अशा रोगात पुढचे काही कळावे म्हणून माणसे रक्ताच्या कागदाकडे डोळे लावून बसली तर त्यांना दोष कोण देईल?

हे रक्ताचे कागद सांगतात तरी काय? त्यांतील सर्वांत साधी तपासणी तालुक्याच्या गावीही काही शे रुपयांत होते. रक्तातील पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन मोठ्या जाती. पहिल्या जातीच्या पेशी म्हणजे शरीराची धावून जाणारी फौज. जखम झाली, जंतू शिरला, की त्या वाढतात. दुसऱ्या जातीच्या पेशी सावकाश ओळख पटवून शत्रूचा नेमका वेध घेणाऱ्या. कर्करोगाची गाठ शरीरात एक न विझणारा दाह पेटवून ठेवते आणि हाडांतील मगजाला अधिकाधिक न्यूट्रोफिल तयार करण्याचा हुकूम सोडते. या गर्दीत गाठीशी खरे झुंजणाऱ्या लिम्फोसाइट मागे पडतात. म्हणून पहिल्यांच्या संख्येला दुसऱ्यांच्या संख्येने भागले तर आलेला भागाकार रोगाचा जोर किती याची अटकळ देतो. निरोगी माणसात तो साधारणतः एक ते तीनच्या दरम्यान असतो. आमच्या स्नेह्यांच्या कागदावरील नऊ तो हाच.

दुसरा आकडा एलडीएच या द्रव्याचा. पेशी झपाट्याने वाढू व मरू लागल्या की त्यांच्यातून हे द्रव्य रक्तात झिरपते. तिसरी जोडी अल्ब्युमिन आणि सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन यांची. दाह वाढला की दुसरे चढते आणि पहिले उतरते. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या रुग्णांसाठी ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००३ साली याच जोडीवरून शून्य, एक, दोन असे गुण देण्याची पद्धत मांडली. जितके गुण अधिक तितके आयुष्य तोकडे, असा त्यांचा अनुभव. शिवाय गाठ स्वतः रक्तात सोडते ती द्रव्ये आहेतच. त्यांपैकी सीईए हे द्रव्य कॅनडातील माँट्रिअलच्या गोल्ड आणि फ्रीडमन या दोघांनी १९६५ साली हुडकून काढले. त्या वेळी एका थेंबात कर्करोग पकडता येईल अशी आशा जगभर पसरली होती. ती फळाला आली नाही. धूम्रपान करणाऱ्या धडधाकट माणसाच्या रक्तातही हे द्रव्य वाढते, आणि रोग असूनही पुष्कळांच्या रक्तात ते वाढत नाही.

आपल्या किनारपट्टीवर देवळात कौल लावण्याची रीत आहे. लग्न ठरवायचे, घर बांधायचे, आजाऱ्याला शस्त्रक्रियेस न्यायचे, तर देवाच्या अंगाला पाकळ्या लावायच्या आणि उजवी पडते की डावी याची हात जोडून वाट पाहायची. या रीतीची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. उलट तिच्यातील एक बारकावा आम्हांला लक्षणीय वाटतो. आमच्या आजीने देवाला 'करू की नको' असे विचारलेले आम्ही अनेकदा ऐकले आहे; 'किती दिवस उरले' असे विचारलेले एकदाही ऐकले नाही. कौल मागायचा तो पुढच्या पावलासाठी. रक्ताच्या अहवालाला मात्र आपण आज नेमका तो दुसरा प्रश्न विचारू लागलो आहोत, आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदापाशी नाही.

ते का नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०१८ साली पॅरिसजवळील गुस्ताव्ह रूसी या विख्यात कर्करोग-संस्थेच्या पुढाकाराने एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारी नवी औषधे ज्यांना मिळाली अशा फुप्फुस-कर्करोगाच्या रुग्णांचे न्यूट्रोफिलचे प्रमाण आणि एलडीएच या दोन साध्या आकड्यांवरून तीन गट पाडण्यात आले. दोन्ही आकडे चांगले असलेल्यांचे मध्यगत आयुष्य ३४ महिने, एक वाईट असलेल्यांचे १० महिने, आणि दोन्ही वाईट असलेल्यांचे अवघे ३ महिने. गटागटांतील हे अंतर डोळे दिपविणारे आहे यात शंका नाही. पण मध्यगत म्हणजे काय, हे शाळेत शिकूनही आपण विसरतो. ३ महिने मध्यगत याचा अर्थ निम्मी माणसे तीन महिन्यांच्या आत गेली. उरलेली निम्मी त्यानंतरही होती, आणि त्यांतील काही कितीतरी नंतर. समोरचा माणूस कुठल्या निम्म्यात बसणार हे गटाचा आकडा सांगत नाही.

अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटाच्या आवरणाचा एक दुर्मीळ कर्करोग झाला. ग्रंथालयात जाऊन त्यांनी वाचले तर मध्यगत आयुष्य आठ महिने. गणित जाणणारा माणूस असल्यामुळे ते हबकून बसले नाहीत. आठ महिन्यांच्या पलीकडे आलेखाचे शेपूट किती लांब पसरले आहे आणि त्या शेपटात आपण का असू शकू, याचा त्यांनी विचार केला व त्यावर १९८५ साली एक निबंध लिहिला. ते २००२ साली वारले, म्हणजे वीस वर्षांनी. अर्थात प्रत्येक रुग्ण गूल्ड असत नाही, आणि त्यांचे उदाहरण सांगून कोणाला खोटा धीर द्यावा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. लांब शेपूट आहे हे जितके खरे, तितकेच बहुसंख्य त्या शेपटात नसतात हेही खरे.

पॅरिसच्या त्या अभ्यासाला आणखी एक पुरवणी जोडली पाहिजे. दोन्ही आकडे वाईट असलेल्यांना ते महागडे औषध देऊच नये काय, असा प्रश्न साहजिकच निघाला. २०१९ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याच्या तज्ज्ञांनी अनेक चाचण्यांतील रुग्ण एकत्र करून पाहिले, तेव्हा असे दिसले की हे आकडे वाईट असलेल्यांचे साध्या केमोथेरपीनेही वाईटच होते. म्हणजे आकडा रोगाचा जोर सांगतो, औषध निवडून देत नाही. हा भेद अतिशय महत्त्वाचा आहे. तो न कळणाऱ्याच्या हाती, मग तो विमा कंपनीचा कारकून असो की घाईत असलेला डॉक्टर, असा आकडा पडला तर एखाद्याचे औषध केवळ एका बाणाच्या आधारे बंद होईल.

आता बडोद्याकडे पुन्हा वळू. ग्लासगो आणि पॅरिस येथील माणसांच्या रक्तावर बेतलेले हे गज आपल्या माणसांना जसेच्या तसे लावता येतील काय? बडोद्याच्या सयाजीराव रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात कोण कोण येते याचा विचार करावा. चरोतरच्या विडी-तंबाखूच्या पट्ट्यातील शेतमजूर येतो. (विडीच्या तंबाखूचा असाच दुसरा पट्टा आपल्या शेजारी निपाणीचा, तेथील मराठी बायांची फुप्फुसे तंबाखूची धूळ खात आली आहेत, हे वाचकांस ठाऊक आहे.) खंबायतचा अकीक घासणारा कारागीर येतो. त्याच्या फुप्फुसात सिलिका साचलेली असते, आणि सिलिका कर्करोगजनक आहे हे १९९७ पासून जगमान्य आहे. बडोद्यातीलच पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर ही संस्था या कारागिरांच्या दुखण्याचा पाठपुरावा करीत आली आहे. छोटाउदेपूरकडचा आदिवासी मजूर येतो. त्याचे अल्ब्युमिन उतरलेले आहे ते कर्करोगाने, की जन्मभर पुरेसे न मिळालेल्या डाळ-दुधाने? ग्लासगोच्या गुणपत्रिकेत या प्रश्नाला रकाना नाही.

तीच गोष्ट इतर आकड्यांची. क्षय, न्यूमोनिया, साधा दातांचा गळूसुद्धा न्यूट्रोफिल वाढवितो. एलडीएच मलेरियातही चढते. इतकेच नव्हे, तर रक्त काढल्यावर नळी उन्हातून, मोटारसायकलच्या डिकीत हिंदकळत दूरच्या प्रयोगशाळेत नेली तर नळीतल्या नळीत लाल पेशी फुटून ते वाढलेले दिसते. आणि दम लागला म्हणून दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन तर दोन-तीन दिवसांत पांढऱ्या पेशींचा सारा हिशेब फिरवून टाकते. आमच्या स्नेह्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. ते ज्या डॉक्टरांकडे पुढे गेले त्यांनी फाइल चाळताना पहिला प्रश्न विचारला तो रक्त कधी काढले याचा. दमासाठी तीन दिवस स्टेरॉइड चालू असताना ते काढलेले होते. महिन्याभराने पुन्हा काढले तेव्हा नवाचे पाच झाले होते. पाच म्हणजे काही चांगले नव्हे. पण ज्या नवाने एका घराची झोप उडविली होती, त्यातील निदान काही भाग रोगाचा नव्हताच.

याचा अर्थ रक्ततपासणी निरुपयोगी असा कोणी घेऊ नये. पुढचे पाऊल बदलते अशी रक्ततपासणी आज उपलब्ध आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआर नावाच्या जनुकात बिघाड असतो. २००४ साली तो प्रथम ध्यानात आला. भारतीय रुग्णांत अॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात सुमारे चौथ्या हिश्शाला तो आढळतो, आणि विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत अधिक. अशांना केमोथेरपीऐवजी गोळी लागू पडते. २००९ साली आशियातील रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसले की बिघाड असलेल्यांना गोळीने रोग अधिक काळ आवरला, आणि बिघाड नसलेल्यांना तीच गोळी केमोथेरपीपेक्षा वाईट ठरली. एकच गोळी, एकाला तारक व दुसऱ्याला मारक! येथे तपासणीवाचून पाऊल टाकणे म्हणजे डोळे बांधून होडी हाकणे.

हा बिघाड एरवी गाठीच्या तुकड्यात शोधतात. परंतु फुप्फुसातून तुकडा काढणे प्रत्येकास झेपत नाही. मरणाऱ्या पेशींच्या जनुकद्रव्याचे कण रक्तात तरंगतात हे मांदेल आणि मेते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९४८ सालीच दाखविले होते. त्या कणांत गाठीचा बिघाड शोधणाऱ्या तपासणीला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. रक्तात बिघाड सापडला तर काम झाले. सापडला नाही तर मात्र तो नाहीच असे म्हणता येत नाही, कारण काही गाठी रक्तात फारसे काही सोडत नाहीत. मग तुकड्याकडे जावेच लागते. गोळीही आता आवाक्याबाहेरची राहिलेली नाही. गेफिटिनिबच्या देशी गोळ्या आल्यापासून तिची किंमत पुष्कळ उतरली आहे.

असे असता पैसा जातो कुठे? शहराशहरांतील खासगी प्रयोगशाळा 'कॅन्सर पॅकेज' म्हणून चार-पाच द्रव्यांची तपासणी धडधाकट माणसांना विकीत आहेत. लग्नाच्या वाढदिवसाला ती भेट द्यावी अशा जाहिरातीही आम्ही पाहिल्या आहेत. सीईएसारखे द्रव्य निरोगी माणसात कर्करोग हुडकण्याच्या कामाचे नाही, हे या प्रयोगशाळांच्या डॉक्टरांना ठाऊक नसेल असे आम्हांस वाटत नाही. ज्या रोगात कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो आणि घरातील दागिना बाजारात जातो, त्या रोगाच्या भीतीवर चाललेला हा धंदा आहे. आरोग्य खात्याने त्यास आवर घातला पाहिजे. बडोद्याचे सयाजीराव रुग्णालय असो, वा आपले बांबोळीचे गोमेकॉ असो, सरकारी रुग्णालयात ईजीएफआरची तपासणी विनामूल्य व्हावी, तिचा निकाल रुग्ण धडपणे चालत-बोलत आहे तोवर हाती यावा, आणि साध्या रक्ताचे आकडे रुग्णाच्या पुढील वाटचालीशी जोडून नोंदले जावेत. मग ग्लासगोचा गज उसना घेण्याची वेळ येणार नाही. खोकला तीन आठवड्यांवर गेला आणि थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नसतील, तर केवळ क्ष-किरणांच्या छायाचित्रावरून महिनोन्महिने क्षयाच्या गोळ्या चालू ठेवण्याची सवयही मोडली पाहिजे. त्या चार महिन्यांनी आमच्या स्नेह्यांचे जे गेले ते कोणत्याही रक्ताच्या आकड्याने भरून येणारे नव्हते.

राहता राहिला ओसरीवरचा प्रश्न. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्या नगरीत चाळीस वर्षे मुलांना गणित शिकविलेल्या माणसाला स्वतःच्या रक्ताचा आकडा वाचू द्यायचा नाही, आणि तो ओसरीवर आल्यागेल्याला मात्र दाखवायचा! मुलाचे प्रेम आम्ही जाणतो. बाबा खचतील ही त्याची भीती. पण ज्याचे रक्त त्यालाच अंधारात ठेवले की उपचाराचे सारे निर्णय दुसरे घेतात, आणि घाबरलेली माणसे बहुधा अधिकाधिक उपचारांच्या बाजूने निर्णय घेतात. २०१० साली बोस्टनमध्ये पसरलेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा एक अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला पहिल्यापासूनच वेदना, दम, झोप, मनाची घालमेल यांची काळजी घेणारे डॉक्टर आणि परिचारिका भेटत राहिल्या व पुढे काय होणार हे मोकळेपणाने बोलत राहिल्या. त्या रुग्णांनी अखेरच्या दिवसांत जालीम उपचार कमी घेतले, आणि तरीही ते अधिक जगले. मध्यगत आयुष्य ११.६ महिने, इतरांचे ८.९. अडीच-पावणेतीन महिन्यांची ही वाढ एखाद्या औषधाने मिळविली असती तर त्याची केवढी जाहिरात झाली असती! अशी सेवा आपल्याला अपरिचित नाही. १९८६ साली मुंबईत सुरू झालेल्या शांती अवेदना सदनाची शाखा आपल्या लोटलीत आहे. तेथे माणसे अगदी शेवटी नेली जातात, ही मात्र आपली चूक.

आम्ही त्या दिवशी मुलाला दिलेला शब्द पाळला; आत जाऊन हवापाण्याच्या गोष्टी बोललो आणि मनात खजील होऊन परतलो. पुढचे आम्हांला फोनवर कळले. नव्या डॉक्टरांनी अट घातली की पुढील बोलणे रुग्णासमोरच होईल. स्नेह्यांनी चष्मा लावून फाइल पहिल्या पानापासून वाचली. मला अंदाज होताच, एवढेच ते म्हणाले, आणि मुलाला म्हणाले की तू एकट्याने इतके दिवस हे वागवायला नको होतेस. ईजीएफआरचा बिघाड रक्तात सापडला नाही, तुकड्यातही नाही. तेव्हा केमोथेरपी सुरू झाली, दर तीन आठवड्यांनी. किती महिने, असे त्यांनी डॉक्टरांना विचारले नाही. चवथीला फोंड्यास जाता येईल काय, एवढे मात्र विचारले. डॉक्टरांनी पंचांग मागविले, तारखा मोजल्या आणि चौथी पाळी एक आठवडा पुढे ढकलली. बडोद्याहून मडगावपर्यंतची चार तिकिटे काढून झाली आहेत; खालचा बर्थ एकच मिळाला आहे.